गंज पेठेतला शनिवारचा वर्ग: आठशे रुपयांत काय मिळालं

आधी रेट सांगते. आठ शनिवार, संध्याकाळी पाच ते सात, आठशे रुपये, चहा त्यातच. एकदम जमत नसतील तर दर शनिवारी शंभर दिले तरी चालतात, मी तसेच दिले. पार्लर चालवून वीस वर्षं झाली, पण फेशियल कसलं ते आधी आणि रेट नंतर विचारणारी एकही बाई मला अजून भेटलेली नाही. म्हणून ते आधी मोकळं करून टाकलं.

वर्गाला नाव नाही. व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव नुसतं ‘शनिवार’. शिकवणाऱ्या बाई महापालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. नाव-पत्ता लिहू नकोस म्हणून त्यांनी मला बजावलंय, कारण खोलीत पंधरा खुर्च्या आहेत आणि सोळावा माणूस आला की बाईंना उभं राहावं लागतं. एवढंच सांगते की जागा गंज पेठेत आहे, फुलेवाड्यापासून चालत पाच मिनिटं, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसच्या वर. विषय म्हणजे गुलामगिरी, भेदभाव आणि त्यातून सुटायला लोकांनी काय काय केलं. वर्ग मोठ्या माणसांसाठी आहे, शिक्षणाची अट नाही. मी स्वतः चाळिसाव्या वर्षी रात्रशाळेतून दहावी झाले. बॅचमध्ये एक रिटायर कंडक्टर काका होते, एक रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या दोघी, महापालिकेत झाडूकाम करणाऱ्या एक ताई, एक बँकेतल्या मॅडम, हिंजवडीचा एक आयटीवाला आणि बाकी थोडे येऊन-जाऊन.

मी गेले ती बाईंमुळेच. त्या माझ्या गिऱ्हाईक. केसांना मेंदी लावून बसल्या की दीड तास बोलत असतात. एकदा म्हणाल्या, “तू उभ्यानं एवढं ऐकतेस, एकदा बसून ऐक की.”

पहिल्या शनिवारी येताना न वाचता सही केलेला एक कागद आणायला सांगितला होता. मी स्टीमरसाठी घेतलेल्या कर्जाचा आणला. घरकामवाल्या दोघींनी बचत गटाचा, काकांनी कसल्याशा विम्याचा. आयटीवाल्यानं मोबाईल पुढे केला आणि एका ॲपची ‘मला मान्य आहे’ची लांबलचक अट दाखवली. तीस हजार पगार असो की तीन लाख, न वाचण्यात सगळे सारखे. दोन तास आम्ही एकमेकांचे कागद मोठ्यानं वाचले. प्रोसेसिंग म्हणून माझे अकराशे रुपये आधीच कापून घेतले होते, हे मला चार वर्षांनी त्या खोलीत कळलं. आयटीवाल्यानं विचारलं, “याचा गुलामगिरीशी काय संबंध?” बाई म्हणाल्या, “सहाव्या शनिवारी सांगते.” मला तेव्हा वाटलं, बाई टोलवतायत.

दुसऱ्या शनिवारी बाईंनी फरशीवर खडूनं पट्टा आखला. सहा फूट लांब, एक फूट चार इंच रुंद. ब्रूक्स नावाच्या इंग्रजी जहाजाचा नकाशा १७८८ साली तिकडच्या गुलामविरोधी मंडळींनी छापला होता. माणसं खालच्या मजल्यांवर कशी ओळीनं निजवायची, त्याचं चित्रच. त्यात एका पुरुषाच्या वाट्याला एवढी जागा आहे. आता त्यात झोपून दाखवा म्हणतात की काय, अशी मला धास्ती होती. हल्ली ट्रेनिंगमध्ये असली नाटकं फार करून घेतात. बाईंनी तसलं काही केलं नाही. पट्टा आखला, टेप गुंडाळली आणि बोलायला लागल्या. चहावाला पोरगा आला तो पट्ट्यावर पाय न देता बाजूनं वळून गेला, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. रविवारी पार्लर उघडल्यावर मी फेशियलच्या बेडला टेप लावली. सव्वीस इंच. त्यावर झोपून बायका म्हणतात, “अगं, हात खाली लोंबतोय.”

सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत चढवली गेली, त्यातली एक कोटी सात लाखांच्या आसपास जिवंत उतरली, असा हिशेब बाईंनी फळ्यावर मांडला. कंडक्टर काकांनी तोंडी वजाबाकी केली. अठरा लाख. मग म्हणाले, “चढलेले आणि उतरलेले यांचा मेळ बसला नाही, तर आम्हाला रात्री डेपोतून घरी सोडायचे नाहीत.” यावर कुणी काही बोललं नाही.

त्यापुढचा तास मात्र कंटाळवाणा झाला. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच, कुणाची वसाहत कुठे, कुणाचा ऊस कुठे. बाईंचा आवाज एकसुरी आहे आणि खाली प्रेसचं मशीन धडधडत होतं. मला डुलकी लागली हे कबूल करते.

तिसऱ्या शनिवारच्या दोनच गोष्टी सांगते. अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनात १७४० साली कायदा केला की गुलामाला लिहायला शिकवणाऱ्याला दंड. फटके मारायला, विकायला मोकळीक, पण लिहायला शिकवलं तर गुन्हा! पुढे बाल्टिमोरमध्ये फ्रेडरिक डग्लस नावाच्या एका गुलाम पोराला मालकिणीनं हौसेनं मुळाक्षरं शिकवायला घेतली आणि मालकानं ती बंद पाडली. मग तो खिशात पाव घेऊन फिरायचा आणि गल्लीतल्या उपाशी गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून अक्षरं शिकायचा. दुसरी गोष्ट भरपाईची. इंग्लंडनं १८३३ साली आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करायचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला, तर मालकांना. रिक्षावाले काका दोनदा म्हणाले, “परत सांगा बाई, कुणाला?”

चौथ्या शनिवारी फुलेवाड्यात गेलो. त्या बाजूनं मी स्कूटरवरून हजारदा गेले असेन, आत कधी गेले नव्हते. १८६८ साली जोतीरावांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हे पाठ होतं, परीक्षेत येतं. पण १८५५ मध्ये त्यांनी आणि सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली होती, हे मला, रात्रशाळेतूनच दहावी झालेलीला, कुणीच सांगितलं नव्हतं. म्हणजे माझ्या शाळेची पणजी इथलीच. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीनं महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि ‘ज्ञानोदय’नं तो छापला. चौदा वर्षांची पोर थेट देवाला विचारते की आमचा धर्म कोणता ते तरी सांग. झाडूकामवाल्या ताईंनी तो भाग वाचून दाखवला. त्या अडखळत वाचतात, एक ओळ दोनदा वाचली गेली, आणि बरंच झालं.

खोलीत परत आल्यावर ‘गुलामगिरी’तली काही पानं घेतली. १८७३ चं पुस्तक, सगळं बोलण्याच्या रूपात. धोंडीबा प्रश्न विचारतो, जोतीराव उत्तर देतात. बाईंनी भूमिका वाटून दिल्या. कंडक्टर काका धोंडीबा झाले आणि त्यांनी असा काही सूर लावला की प्रेसमधला कामगार वर बघायला आला. पुस्तक अर्पण केलंय अमेरिकेतल्या ज्या लोकांनी गुलामांना सोडवायला झीज सोसली, त्यांना. अमेरिकेत गुलामी कायद्यानं संपली १८६५ च्या डिसेंबरात. आठच वर्षांनी पुण्यात बसलेला माणूस त्यांना पुस्तक अर्पण करून आपल्या लोकांना म्हणतो, हे बघा आणि तुम्हीही करा. आयटीवाला, जो तोवर निम्मा वेळ मोबाईलमध्ये असायचा, त्यानं त्या पानाचा फोटो काढला.

आता तक्रार, आणि ती साधीसुधी नाही. पाचवा शनिवार. विषय होता आपल्याकडचे गुलाम. मी याचसाठी गेले होते असं म्हटलं तरी चालेल. माझी आजी चिडली की म्हणायची, “मी काय तुमची बटीक आहे?” मला वाटायचं बटीक म्हणजे मोलकरीण. बटीक म्हणजे गुलाम बाई, विकत आणलेली. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी, म्हणजे अशाच गुलाम बायका, विकत घेतल्याच्या, देऊन टाकल्याच्या नोंदी आहेत. १८३३ च्या त्या कायद्यातून कंपनी सरकारचा मुलूख वगळला होता, आपल्याकडे १८४३ मध्ये कायदा आला की गुलामावरची मालकी कोर्टानं मानायची नाही. वेठीचंही तसंच. आपण सर्रास म्हणतो संपवाल्यांनी जनतेला वेठीस धरलं, आणि जी माणसं खरोखर वेठीला धरली गेली, बिनमजुरीची राबली, ती त्या शब्दातून कधीच पुसून गेली. वेठबिगारी बंद करायचा कायदा १९७६ चा, म्हणजे मी लहान होते तेव्हाचा.

हे सगळं पाऊण तासात उरकलं. बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, “तो काळच तसा होता.” झाडूकामवाल्या ताईंनी विचारलं, “काळ कुणाचा होता?” खरा वर्ग तिथे सुरू होत होता, तेवढ्यात चहा आला आणि बाईंनी विषय बदलला. मला ते अजिबात पटलं नाही. अमेरिकेला तीन शनिवार आणि पेशव्यांच्या पुण्यातल्या कुणबिणींना पाऊण तास, तेही गंज पेठेत बसून! मी बाईंना मेंदी लावताना हे तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, “लांबचं दुःख आधी घेतलं की माणसं टिकतात, जवळचं घेतलं की दुसऱ्या शनिवारी खुर्च्या रिकाम्या.” असेल. त्यांना अनुभव आहे. पण पाचव्या शनिवारपर्यंत टिकलेली माणसं पळून जाणारी नव्हती.

सहावा शनिवार. यासाठी आठशे काय, हजारही दिले असते.

साऊथ कॅरोलिनाच्याच चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचं बेट. १९५०च्या दशकातली गोष्ट. गुलामी संपून नव्वद वर्षं झालेली, पण काळ्या माणसाला मतदार यादीत नाव घालायचं तर राज्याच्या घटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. वाचता येऊ नये याची तजवीज आधीच केलेली. बेटावरून शहरात कामाला जाणाऱ्यांसाठी इसॉ जेन्किन्स नावाचा गृहस्थ बस चालवायचा. त्याच्या बसमधल्या एका बाईनं, ॲलिस वाईननं, सांगितलं की मला वाचायला शिकवा, मला मत द्यायचंय. तो बसमध्येच शिकवायला लागला. कंडक्टर काका खुर्चीत पुढे सरकून बसले.

मग सेप्टिमा क्लार्क नावाची शिक्षिका. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचं सभासदत्व सोड, नाहीतर नोकरी सोड, असं तिला सांगण्यात आलं. तिनं सभासदत्व सोडलं नाही, नोकरी गेली. या सगळ्यांनी ठरवलं की बेटावर मोठ्यांसाठी रात्रीचा वर्ग काढायचा. शिकवायला निवडलं बर्निस रॉबिन्सनला. बाईंनी फळ्यावर नाव लिहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ही पार्लरवाली.”

मला वाटलं चेष्टा. पण ती खरंच पार्लरवाली होती. केस करायची, कपडेही शिवायची. ती म्हणाली, मी कधी शिकवलेलं नाही. ते म्हणाले, म्हणूनच तू पाहिजेस. ट्रेनिंग घेतलेली शिक्षिका मोठ्या माणसांशी लहान पोरांसारखं बोलते. आणि दुसरं कारण, जे बाईंनी सांगायच्या आधी मला कळलं: पार्लरवालीची गिऱ्हाइकं तिच्याच वस्तीतल्या बायका. गोऱ्या मालकाच्या पगारावर ती जगत नाही, त्यामुळे तिला कामावरून काढायला कुणी नाही. मी हे मोठ्यानं बोलले आणि बाईंनी खडू खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा वर्गात माझं उत्तर आधी आलं.

जानेवारी १९५७, चौदा माणसं, एका सहकारी दुकानाची मागची खोली. पुढे किराणा ठेवलेला, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला संशय नको. बर्निसनं पहिलीची पुस्तकं आणली होती. मोठ्या माणसांसमोर ती उघडली आणि तिच्या लक्षात आलं की ही चालणार नाहीत. तिनं पुस्तकं बाजूला ठेवून विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कुणाला स्वतःचं नाव लिहायचं होतं, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कुणाला बायबल वाचायचं होतं, कुणाला बाहेरगावच्या मुलांची पत्रं. पुठ्ठ्यावर नाव लिहून द्यायचे आणि त्यावरून गिरवायचं. भिंतीवर तिनं मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला आणि सांगितलं की शेवटी हा तुम्हाला वाचता आला पाहिजे. पुढे असे वर्ग दक्षिणेत गावोगाव निघाले, आणि १९६५ मध्ये मतदानाच्या कायद्यानं वाचून दाखवायच्या परीक्षेला आळा बसला.

इथे बाईंनी पहिल्या शनिवारचे आमचे कागद पिशवीतून बाहेर काढले आणि आयटीवाल्यापुढे ठेवले. बोलल्या काहीच नाहीत. घरकामवाल्या ताईंपैकी एक म्हणाल्या, “आपल्याकडं बरं, चिन्ह होतं.” तेही खरं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपल्याकडे कुणाला वाचून दाखवावं लागलं नाही. माझी आजी, तीच बटीकवाली, अंगठेबहाद्दर होती आणि एकही मतदान तिनं चुकवलं नाही.

सातव्या शनिवारी बाईंनी सांगितलं, कुणीही न लिहिलेला पण तुम्ही पाळलेला एक नियम लिहून आणा. मी काय लिहिलं ते सांगते, कारण ते टाळून हा अभिप्राय लिहिला तर अर्धाच होईल.

माझ्याकडे एक मुलगी आहे, थ्रेडिंगला तिच्यासारखा हात नाही. थ्रेडिंग करताना दोऱ्याचं एक टोक दातात धरतात, चेहरा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याजवळ असतो. गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंनी डोळे मिटल्या मिटल्या तिला विचारलं, “तुझं आडनाव काय गं?” तिनं सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत, भुवया पूर्ण करून घेतल्या, पैसे दिले. रात्री मला फोन. “पुढच्या वेळी तूच कर हं, तुझा हात हलका आहे.” माझा हात हलका नाही. मी तिच्यापेक्षा जास्त ओढते, हे त्यांनाही माहीत आहे. मी “हो हो” म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीला सांगितलं, “नुसतं नाव सांगत जा, आडनाव कशाला.” तिच्या भल्यासाठीच सांगतेय असं मला तेव्हा वाटत होतं.

आठव्या शनिवारी प्रत्येकानं आपापलं वाचलं. मी वाचल्यावर झाडूकामवाल्या ताईंनी एवढंच विचारलं, “मग ती पोरगी काय म्हणाली?” मला उत्तर देता येईना. मी विचारलंच नव्हतं.

सोमवारी पार्लर बंद असतं, मंगळवारी विचारलं. ती कात्र्या पुसत होती. म्हणाली, “ताई, आधीच्या पार्लरमध्ये मी आडनाव सांगतच नव्हते. तुमच्याकडे सांगून बघितलं होतं.”

त्या गिऱ्हाईक बाईंचा परवा फोन आला होता. मी म्हटलं, माझा अंगठा दुखतोय, तीच करेल. खरं कारण सांगायचं धाडस झालं नाही. त्या म्हणाल्या, “मग बरा झाला की कळव.” अजून कळवलेलं नाही.

बाकी किरकोळ. जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघेदुखीवाल्यांनी विचार करून या. गाडी लावायला जागा शोधू नका, मिळत नाही. मंडईला मेट्रोतून उतरून चालत आलात तर बरं. लग्नसराईत प्रेसचं मशीन सात वाजेपर्यंत थांबत नाही, पुढची खुर्ची धरा. चहा चांगला, बिस्किटं शनिवारागणिक कमी होत गेली. झेरॉक्स इतक्या फिकट की चष्मा असूनही खिडकीशी जावं लागायचं. ज्या वर्गाचा सगळा भर वाचण्यावर, त्यानं झेरॉक्सला दोन पैसे जास्त घालावेत.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे. पाचव्या शनिवारचे दोन करते, असं बाईंनी मेंदी धुताना कबूल केलंय. माझ्याकडच्या मुलीनंही विचारलं होतं. मी म्हटलं, तुझे आठशे मी भरते. ती म्हणाली, नको, शंभर-शंभर देतात ना, तसे मी देईन.